विसाव्या तासाचं काँक्रीट: विलो आयलंड, १९७८

२७ एप्रिल १९७८, गुरुवार. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीकाठच्या विलो आयलंड इथे प्लेझंट्स औष्णिक वीज केंद्राचं काम चालू होतं. दोन कूलिंग टॉवरपैकी पहिला उभा झाला होता आणि दुसरा सुमारे १७० फुटांपर्यंत चढला होता. सकाळचे दहा वाजून गेले होते. नव्या थरासाठी काँक्रीटची तिसरी बादली वर खेचली जात असताना तिचा दोर ढिला पडला. वरची यारी टॉवरच्या आतल्या बाजूला झुकली, तिच्यामागून परांची गेली, आणि आदल्या दिवशी ओतलेला काँक्रीटचा थर साल निघावी तसा सुटत गेला. आधी एका दिशेनं, मग दोन्हीकडून. काँक्रीट, फॉर्म (काँक्रीट ओतायचे साचे, म्हणजे शटर), लोखंडी सांगाडा सगळं टॉवरच्या पोकळ पोटात कोसळलं. परांचीवर ५१ कामगार होते. ५१ च्या ५१ गेले. त्यात एकाच घराण्यातले कितीतरी जण होते.

अमेरिकेच्या बांधकाम इतिहासातला हा सर्वांत प्राणघातक अपघात मानला जातो. पण मी हे प्रकरण निवडलं ते आकड्यासाठी नाही. इथे कायदा नव्हता असं म्हणता येत नाही, म्हणून निवडलं. कामगार सुरक्षेचा केंद्रीय कायदा १९७० मध्ये संमत झाला होता आणि त्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा, म्हणजे ओशा, २८ एप्रिल १९७१ पासून कामाला लागली होती. अपघात झाला त्या दिवशी तिला सात वर्षं पुरी व्हायला एकच दिवस उरला होता. कामावर अभियांत्रिकी कंपनी होती, काँक्रीट तपासणारी प्रयोगशाळा होती, आणि कूलिंग टॉवर बांधण्यात मुरलेला कंत्राटदार होता. एकेका खुर्चीत कुणी ना कुणी बसलेलं होतं. तरीही तिसरी बादली वर निघाली तेव्हा तिला थांबवणारा कागद कुणाच्याही हातात नव्हता. तो कागद कोणता आणि तो का नव्हता, एवढंच या प्रकरणात शोधायचं आहे.

टॉवर कसा चढत होता

कूलिंग टॉवर म्हणजे मध्ये कमरेसारखं आत गेलेलं, चारशे फुटांहून उंच जाणारं काँक्रीटचं पातळ कवच. आत पोकळी. ते एकदम ओतता येत नाही; कड्यावर कडं चढवत न्यावं लागतं. इथे एक कडं, म्हणजे एक लिफ्ट, पाच फुटांची होती. अपघाताच्या दिवशी २९ वी लिफ्ट ओतली जात होती. २८ वी आदल्या दिवशीची.

परांची साधारणपणे जमिनीवरून उभी करतात आणि काम चढेल तशी वर वाढवत नेतात. विलो आयलंडला तसं नव्हतं. तिथे परांची आणि फॉर्म टॉवरलाच बोल्टनं जखडलेले होते. आज कडं ओतायचं, उद्या सकाळी फॉर्म सोडवून वर सरकवायचे, परांची नव्या कड्याला बोल्टनं बांधायची, आणि त्याच्यावर पुढचं कडं ओतायचं. रोज पाच फूट. जमिनीपासून परांची उभारायचा खर्च वाचतो, वेळ वाचतो, आणि टॉवर स्वतःच स्वतःला वर चढवतो. पद्धत हुशारीची आहे, यात शंका नाही. पहिला टॉवर आणि दुसऱ्याच्या आधीच्या लिफ्ट अशाच वर गेल्या होत्या.

इथे जरा थांबतो, कारण प्रकरणाचा गाभा इथेच आहे. साइटवर वावरलेल्या माणसाच्या डोक्यात शटर खोलण्याचे दोन हिशेब असतात. स्लॅबच्या खालचं शटर आणि टेकू घाईनं काढायचे नाहीत, हे मुकादमालाही पाठ असतं. काँक्रीटला स्वतःचं वजन पेलायचं असतं, ते दिसतं. भिंतीचं, कॉलमचं बाजूचं शटर मात्र दुसऱ्या दिवशी खोललं तरी कुणाची भुवई वर जात नाही. भिंत उभीच असते, तिला फक्त स्वतःवर उभं राहायचं असतं.

टॉवरचं कवच दिसायला भिंतीसारखंच. त्यामुळे दुसऱ्या दिवशी फॉर्म सोडवणं हा भिंतीचा हिशेब झाला. पण ही भिंत नुसती उभी नव्हती. फॉर्म सोडवल्यानंतर थोड्याच वेळात तिच्याच अंगावर परांची, माणसं, फॉर्मचं वजन आणि बादली खेचणाऱ्या दोराचा ताण येणार होता. दोराचा ताण आतल्या बाजूला ओढणारा, म्हणजे पातळ कवचाला वाकवणारा. इथे फॉर्म सोडवणं आणि भार चढवणं ही एकाच क्रियेची दोन टोकं होती. अशा ठिकाणी स्लॅबपेक्षाही कडक हिशेब लागतो. तिथल्या माणसांच्या मनात त्या सकाळी काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण भिंतीची सवय टेकूच्या कामाला लागू झाली, हे कामाच्या क्रमातच दिसतं.

तपास

ओशानं तांत्रिक तपासासाठी नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी मानक संस्थेला पाचारण केलं. हीच संस्था पुढे १९८८ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी, म्हणजे निस्ट, झाली. संशयित पुष्कळ होते: दोर, यारी, गँट्रीचे (दोर पेलणाऱ्या चौकटीचे) तुळे, बोल्ट, फॉर्मचे भाग, खालची जमीन. दोर ढिला पडलेला सगळ्यांनी पाहिला होता, तेव्हा बोट साहजिकच आधी उचलण्याच्या यंत्रणेकडे गेलं. तपासकांनी हे सगळं एकेक करून तपासलं. उचलण्याची यंत्रणा, परांची किंवा फॉर्म यांचा एखादा भाग आधी तुटला आणि त्यामुळे टॉवर गेला, असं निघालं नाही. दोर ढिला पडला तो टॉवर ढळायला लागला म्हणून.

उरली २८ वी लिफ्ट. तेव्हा ती जेमतेम वीस तासांची होती. आणि ते वीस तास थंडीचे होते. हवेचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली होतं. कोसळलेल्या काँक्रीटचा तुकडा उचलून त्याची त्या क्षणाची ताकद मोजता येत नाही, कारण तो तुकडा तुमच्या हातात येईपर्यंत घट्ट होत राहतो. म्हणून तापमान आणि वेळ यांचा एकत्र हिशेब करून मागे जावं लागलं. निष्कर्ष असा निघाला: कोसळताना २८ व्या लिफ्टची दाबसहनशक्ती सुमारे २२० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) होती, म्हणजे १.५ मेगापास्कल, किंवा आपल्या जुन्या मापात दर चौरस सेंटिमीटरला साधारण १५ किलो. त्या जागचा बांधकामाचा भार पेलायला सुमारे १,००० पीएसआय, म्हणजे ७ मेगापास्कलच्या आसपास, ताकद हवी होती.

हव्या त्या ताकदीच्या पावपटही नाही. इथे सुरक्षा गुणक, म्हणजे गरजेपेक्षा जास्त ठेवलेली ताकद, थोडा कमी पडला, असं म्हणायची सोयच नाही.

वीस तास ही माहितीच नाही

तारखेवरून काँक्रीटची ताकद कळते, हा गैरसमज बांधकामात खोल रुजलेला आहे. 'काल ओतलं', 'तीन दिवस झाले', 'सातवा दिवस आहे' ही भाषा आपण सगळेच वापरतो. पण सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया घड्याळ बघून होत नाही, तापमान बघून होते. थंडीत ती मंदावते, पार गोठणबिंदूजवळ जवळपास थबकते.

यासाठी इंजिनिअर 'मॅच्युरिटी' नावाचं माप वापरतात. त्याचं सर्वांत साधं रूप असं: काँक्रीटच्या तापमानात एका ठरावीक तळाच्या तापमानापासूनचं अंतर घ्यायचं आणि त्याला तासांनी गुणायचं. तळाचं तापमान उणे १० अंश धरलं, तर २० अंशांतल्या वीस तासांचे ६०० अंश-तास होतात. ५ अंशांतल्या वीस तासांचे ३०० होतात. हे आकडे उदाहरणाचे आहेत, विलो आयलंडचे नाहीत. गंमत अशी की मॅच्युरिटी निम्मी म्हणून ताकद निम्मी, असंही नसतं. पहिल्या काही तासांत काँक्रीट नुकतंच आळत असतं आणि ताकदीची चढण त्यानंतर सुरू होते. त्यामुळे निम्म्या मॅच्युरिटीला ताकद निम्म्याहून खूप खाली असू शकते. 'काल ओतलं' या दोन शब्दांत यातलं काहीच मावत नाही.

आणि हे ज्ञान १९७८ मध्ये नवं नव्हतं. त्याच्या पाच वर्षं आधी, २ मार्च १९७३ रोजी, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत स्कायलाइन प्लाझा ही बहुमजली इमारत बांधता बांधता कोसळली होती आणि १४ कामगार गेले होते. तिथे स्लॅबचं काँक्रीट चार दिवसांचं होतं, आणि त्या चार दिवसांत सरासरी तापमान ७ अंशांच्या आसपास होतं. तपास याच ब्युरोनं केला होता. म्हणजे थंडीतलं कच्चं काँक्रीट आणि त्याच्यावरचा घाईचा भार, ही जोडी सरकारी तपासाच्या कागदांवर आधीच येऊन गेली होती. ती विलो आयलंडच्या फोरमनपर्यंत कशी पोचावी, याचा रस्ता मात्र कुणी बांधलेला नव्हता.

उल्लंघनांची यादी आणि कोसळण्याचं कारण

अपघातानंतर दीड महिन्याच्या आत ओशानं कंत्राटदार, अभियांत्रिकी कंपनी आणि प्रयोगशाळा यांच्यावर नोटिसा काढल्या. त्यांत १० उल्लंघनं 'जाणूनबुजून केलेली' या सदरात होती आणि ६ 'गंभीर' या सदरात. काँक्रीटला पुरेशी ताकद आली आहे की नाही, याची जागेवर चाचणी केली नाही. फॉर्मची यंत्रणा टॉवरला नीट जखडलेली नव्हती. कामगारांना पुरेसं प्रशिक्षण नव्हतं. तपासात इतरही गोष्टी पुढे आल्या: काही बोल्ट जागेवर नव्हते, काही हव्या त्या प्रतीचे नव्हते, खाली उतरायला एकच शिडी होती, काँक्रीट वर नेण्याच्या यंत्रणेत केलेला बदल अभियांत्रिकी तपासणीतून नीट गेला नव्हता.

ही यादी वाचताना सावध राहायला हवं. कायद्याच्या दृष्टीनं ही सगळी उल्लंघनंच आहेत आणि प्रत्येकाची नोंद व्हायलाच हवी. पण टॉवर कोसळला तो २८ व्या लिफ्टमुळे. बोल्ट सगळे जागेवर असते, उत्तम प्रतीचे असते, तरी ते धरणार होते त्याच काँक्रीटला. दोन शिड्या असत्या तर काही जण निसटले असते का? एवढ्या कमी वेळात मला ते कठीण वाटतं.

मग हा भेद एवढा का ताणतोय? कारण अपघातानंतर कुठलीही कंपनी सुधारणेची यादी करते तेव्हा डोळ्यांना दिसणारं आधी लिहिते. शिडी दिसते, हेल्मेट दिसतं, बोल्टचं रिकामं भोक दिसतं, जाळी दिसते. सुरक्षा अधिकारी हातात चेकलिस्ट घेऊन परांचीवर फिरतो तेव्हा त्याला तेच दिसतं. काँक्रीटची ताकद दिसत नाही. २२० पीएसआयचं काँक्रीट आणि १,००० पीएसआयचं काँक्रीट उघड्या डोळ्यांना सारखंच करडं असतं, नखानं ओरखडा काढून बघणाऱ्यालाही फसवू शकतं. त्या दिवशी सकाळी आठ वाजता कडक तपासनीस तिथे आला असता, तर त्यानं शिडी आणि बोल्टवर दोन पानं भरून शेरे मारले असते, आणि दहा वाजता टॉवर तरीही गेला असता. नोंदवह्या भरलेल्या असूनही अपघात होतात, त्यामागचं एक कारण हे आहे.

कोणी थांबवायचं होतं

अशा कामावर जबाबदारीची साखळी लांब असते. मालक वीज कंपनी. तिच्या वतीनं काम बघणारी अभियांत्रिकी कंपनी. टॉवरचा कंत्राटदार. चाचण्यांची प्रयोगशाळा. खाली फोरमन आणि टोळ्या. प्रत्येकाच्या करारात त्याचं त्याचं काम लिहिलेलं असतं. प्रयोगशाळेनं नमुने घ्यायचे आणि निकाल कळवायचे. कंत्राटदारानं वेळापत्रकाप्रमाणे टॉवर चढवायचा. अभियांत्रिकी कंपनीनं देखरेख करायची. आता यात 'ताकद आली नाही, आज फॉर्म हलवायचे नाहीत' हे वाक्य कुणाच्या तोंडी आहे?

अमेरिकी बांधकाम नियमांत, म्हणजे भाग १९२६ मध्ये, 'सक्षम व्यक्ती' ही संकल्पना आहे. तिची व्याख्या मला कायम आवडत आली आहे, कारण तिला दोन पाय आहेत. पहिला: असलेले आणि संभवणारे धोके ओळखता येणं. दुसरा: ते धोके दूर करण्यासाठी ताबडतोब पावलं उचलण्याचा अधिकार असणं. बहुतेक कंपन्या पहिला पाय दाखवतात: अमक्याचा अनुभव एवढा, तमक्यानं अमुक कोर्स केला. दुसऱ्या पायाबद्दल विचारलं की आवाज बारीक होतो. काम थांबवायला ज्याला वरच्या साहेबांना फोन करावा लागतो, तो माणूस जाणकार असेल, पण या व्याख्येत बसत नाही.

त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. मुख्य कंत्राटदार आणि पोटकंत्राटदार आपापसांत कामाची वाटणी हवी तशी करू शकतात, पण त्या वाटणीमुळे मुख्य कंत्राटदाराची एकूण जबाबदारी कधीच सुटत नाही. 'ते पोटकंत्राटदाराकडे होतं' हे वाक्य करारात चालतं, कायद्यापुढे चालत नाही. पुढे १९९९ मध्ये ओशानं कामगार ठेवणाऱ्या अनेक कंपन्या एकाच साइटवर असतात तेव्हाचं धोरण स्पष्ट शब्दांत मांडलं: धोका निर्माण करणारा, ज्याचे कामगार धोक्यात येतात तो, दुरुस्तीची जबाबदारी असलेला, आणि साइटवर नियंत्रण ठेवणारा, या चौघांपैकी कुणावरही नोटीस निघू शकते, आणि एकाच वेळी अनेकांवरही. विलो आयलंडलाही नोटिसा एकापेक्षा जास्त कंपन्यांवर निघाल्या होत्या.

दंडाचा हिशेब

शेवटी प्रकरण तडजोडीनं मिटलं. दंड ८५,५०० डॉलर. ५१ नं भागलं तर माणसामागे १,७०० डॉलरही पुरे होत नाहीत. फौजदारी खटला कुणावरही उभा राहिला नाही.

रक्कम एवढी कमी का, याचं उत्तर कुणा न्यायाधीशाच्या मवाळपणात शोधायची गरज नाही. ते कायद्यात छापलेलं होतं. १९७० च्या कायद्यात जाणूनबुजून केलेल्या एका उल्लंघनाला कमाल दंड १०,००० डॉलर होता, गंभीर उल्लंघनाला १,०००. दहा आणि सहा मांडून बघा, कमाल आकडा कुठे पोचतो ते कळेल. मृत्यू किती झाले हा या सूत्रात घटकच नाही. दंड मोजला जातो तो उल्लंघनांवर, मृतांवर नाही. एक मेला काय, एकावन्न मेले काय, नियम मोडण्याची संख्या तीच. १९९० मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, या कमाल मर्यादा सातपट केल्या, आणि अलीकडे त्या महागाईप्रमाणे वाढत असतात. पण जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनामुळे कामगाराचा मृत्यू झाला, तर पहिल्या दोषसिद्धीला कमाल शिक्षा सहा महिन्यांची कैद. ती तेव्हाही सहा महिने होती आणि आजही तेवढीच आहे.

व्यवसाय चालवणाऱ्याला यातून एक हिशेब मांडावासा वाटेल: दंड एवढाच, तर थांबण्याचा खर्च त्याहून जास्त. हा हिशेब कुणी तोंडानं बोलून दाखवत नाही, पण वेळापत्रकात तो लिहिलेला असतो. रोज एक लिफ्ट, असं वेळापत्रक केलं की थंडीचा दिवस आपोआप 'उशीर' ठरतो. उशीर झाला की त्याचं कारण कुणाला तरी द्यावं लागतं. न थांबण्याचं कारण मात्र कुणीच विचारत नाही.

नियम नंतर कसा लिहिला गेला

१९८८ मध्ये ओशानं काँक्रीटच्या कामाचा विभाग नव्यानं लिहिला. त्यातली दोन वाक्यं विलो आयलंडच्या शेजारी ठेवून वाचावीत. पहिलं भाग १९२६ च्या नियम ७०१ मध्ये आहे: संरचनेच्या डिझाइनची पात्रता असलेल्या व्यक्तीनं दिलेल्या माहितीच्या आधारे ती भार पेलू शकते असं कामगार ठेवणाऱ्या कंपनीनं ठरवल्याशिवाय, काँक्रीटच्या संरचनेवर बांधकामाचा भार ठेवायचा नाही. दुसरं नियम ७०३ मध्ये: काँक्रीटला स्वतःचं वजन आणि वरचा भार पेलण्याइतकी ताकद आली आहे असं ठरल्याशिवाय फॉर्म आणि टेकू काढायचे नाहीत. आणि ते ठरवण्याचे मार्ग दोनच: एक तर नकाशे आणि स्पेसिफिकेशनमध्ये फॉर्म काढण्याच्या अटी लिहिलेल्या असाव्यात आणि त्या पाळलेल्या असाव्यात, किंवा मान्य प्रमाणित पद्धतीनं काँक्रीटची चाचणी होऊन ताकद दिसलेली असावी.

दोन्हीकडे दिवसांचा उल्लेख नाही, ताकदीचा आहे. आणि दोन्हीकडे 'ठरवणं' ही वेगळी क्रिया आहे. कुणीतरी, भार चढवण्याच्या आधी, कशाच्या तरी आधारावर ठरवायचं आहे. नियमाच्या भाषेत ही बारीक गोष्ट वाटते. साइटवर ती म्हणजे एक सही, एक वेळ आणि एक आकडा.

चाचणीची बाजूही मागोमाग सुधारली. या दोन अपघातांनी ब्युरोतल्या संशोधकांना जागेवरची ताकद मोजण्याच्या पद्धतींकडे ढकललं, आणि मॅच्युरिटी पद्धतीचं अमेरिकी मानक, एएसटीएम सी१०७४, १९८७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. आज काँक्रीटमध्ये एक छोटा तापमापक पुरून ठेवतात आणि बाहेर उपकरणावर अंश-तास वाचतात. अट अशी की त्या काँक्रीटच्या मिश्रणाचा मॅच्युरिटी आणि ताकद यांचा संबंध आधी प्रयोगशाळेत काढून ठेवलेला असावा. मिश्रण बदललं, सिमेंट बदललं, तर तो आलेख रद्दी. हे विसरणारे बरेच भेटतात.

तो कागद कसा असायला हवा होता

आता मूळ प्रश्नाकडे. तिसरी बादली थांबवणारा कागद एक पानाचाच असतो. साइटच्या भाषेत त्याला 'होल्ड पॉइंट' म्हणतात: सही झाल्याशिवाय पुढचं काम सुरूच होत नाही, असा थांबा. मी तो कसा लिहीन ते सांगतो, आणि तो कुठे फाटतो तेही.

पहिली ओळ डिझायनरची. या पद्धतीनं, या भारांसह, परांची नव्या लिफ्टला बांधण्याआधी तिची ताकद किमान किती हवी? विलो आयलंडला तो आकडा १,००० पीएसआयच्या आसपास निघाला, पण तो अपघातानंतरच्या हिशेबात निघाला. तो आधी काढायला हवा, आणि यारीची जागा, दोराचा कोन किंवा बादलीचा आकार बदलला तर पुन्हा काढायला हवा. तिथल्या उचलण्याच्या यंत्रणेत झालेला बदल नीट तपासला गेला नव्हता, हे इथे आठवावं. बदलाच्या दिवशी जुना आकडा मेलेला असतो.

दुसरी ओळ मोजमापाची. मोजायचं कुठे? बहुतेक ठिकाणी नमुन्याचे सिलिंडर किंवा क्यूब उबदार खोलीत, पाण्याच्या टाकीत सांभाळतात. ते काँक्रीटच्या प्रतीबद्दल सांगतात, २८ दिवसांनी ते कसं निघेल याबद्दल. वर टॉवरच्या टोकावर वाऱ्यात उभ्या असलेल्या कवचाबद्दल ते काहीही सांगत नाहीत. इथे लागतात ते साइटवर, त्याच थंडीत ठेवलेले नमुने, नाहीतर कवचातला मॅच्युरिटीचा तापमापक, आणि तोही सावलीच्या, वाऱ्याच्या, सर्वांत शेवटी ओतलेल्या भागात. एका लिफ्टमध्ये सकाळी ओतलेला भाग आणि संध्याकाळी ओतलेला भाग यांच्या वयात कित्येक तासांचा फरक असतो. सरासरीवर सही करणारा माणूस, कमकुवत जागी उभ्या असलेल्या टोळीला सरासरीचा आधार देत असतो. हातोडीचा रिबाउंड, म्हणजे पृष्ठभागावर ठोकून ती किती उसळते ते बघणं, इतक्या कोवळ्या काँक्रीटवर भरवशाचा नाही. तो आणून दाखवला तर परत पाठवावा.

तिसरी ओळ सहीची. आणि इथेच कागद फाटतो. सही कुणाची हे लिहिलेलं असतं. सही नाकारली तर काय, हे लिहिलेलं नसतं. आठ वाजता प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ सांगतो की आकडा आला नाही. वर साठ जणांची टोळी तयार, मिक्सर भरलेला. फोरमन म्हणतो, 'कालपर्यंत अशाच अठ्ठावीस लिफ्ट गेल्या ना?' हा प्रश्न मूर्ख नाही. माणूस अनुभवावरच चालतो, आणि अठ्ठावीस वेळा चाललेली गोष्ट हा मोठा अनुभव असतो. पण आधीच्या लिफ्टनी किती राखीव ताकद घेऊन भार पेलला हे कुणी मोजलेलं नव्हतं. कदाचित काही लिफ्ट जेमतेम काठावरून सुटल्या असतील. न मोजलेलं यश पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि हे सकाळी आठला टोळीसमोर पटवून देणं एकट्या तंत्रज्ञाच्या आवाक्यातलं नसतं. त्याचे पैसे कंत्राटदार देत असेल, तर आणखीच नाही.

म्हणून माझ्या मते नकाराची तरतूद सुरक्षेच्या पुस्तिकेत न ठेवता करारात ठेवायला हवी. थंडीमुळे थांबलेला दिवस वेळापत्रकाबाहेर धरला जाईल. टोळीचा त्या दिवसाचा पगार बुडणार नाही. भरलेला मिक्सर परत गेला तर त्याचा खर्च कुणाचा, हे आधीच ठरलेलं असेल. प्रयोगशाळेचं बिल मालकाकडे जाईल, आणि तिचा निकाल कंत्राटदार व अभियंता दोघांना एकाच वेळी मिळेल. या चार ओळी असल्या की 'थांबा' म्हणणाऱ्याला धाडस करावं लागत नाही, नुसता कागद भरावा लागतो. नसल्या, तर कितीही प्रशिक्षण द्या, त्या सकाळी त्याला एकट्यानं साठ जणांच्या रोजीच्या आड उभं राहावं लागतं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. प्रत्येक लिफ्टला असा थांबा घातला तर टॉवर कधी होणार? हिशेब केला तर तो तितका भयंकर निघत नाही. उबदार दिवसांत आकडा सकाळीच येतो आणि कुणालाही थांबावं लागत नाही. थंडीत काही तास जातात, कधी एखादा दिवस. त्यावर उपाय आहेत: लवकर ताकद देणारं मिश्रण, ओतलेल्या भागाभोवती आच्छादन आणि ऊब, किंवा त्या दिवसांत भार कमी ठेवणारी वेगळी बादली. हे सगळे उपाय आधी आकडा मोजला तरच सुचतात.

विलो आयलंडचा दुसरा टॉवर पुढे पूर्ण झाला. केंद्राचं पहिलं युनिट १९७९ मध्ये सुरू झालं आणि दुसरं १९८० मध्ये.